मोटेपासून मानखुर्दपर्यंत

आमच्या लहानपणी शेतीत लोखंड कमी आणि कातडं जास्त होतं. नांगराचा फाळ, कुळवाची पास, विळा-खुरपं आणि गाडीच्या चाकाची धाव, एवढंच काय ते लोखंड. बाकी सगळं लाकूड, दोर आणि कातडं. विहिरीवरची मोट कातड्याची, बैलाच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा कातड्याचा, जुवाच्या सापत्या कातड्याच्या, चाबकाची वादी कातड्याची. पायातलं पायताण तर कातड्याचंच. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याच्या हालांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याला नावसुद्धा ‘शेतकऱ्याचा असूड’ असं दिलं. असूड म्हणजे काय हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नसणार. आज माझ्या नातवंडांना सांगावं लागतं.

मी कागल तालुक्यातला शेतकरी. शिक्षण दहावी. पण कातड्याचं काम मी जवळून बघितलं आहे, आणि आता म्हातारपणी थोडं हातानं करूनही बघतो. त्या कामाचा इतिहास आणि त्यातल्या चार उपयोगाच्या गोष्टी एकाच ठिकाणी सांगाव्यात म्हणून हे लिहितो. एक कळल्याशिवाय दुसरं कळत नाही असं माझं मत आहे.

आधी मोटेचं सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पखाल. वरचं तोंड रुंद, त्याला लोखंडी कडं. खाली निमुळती सोंड. तोंडाला जाड दोर बांधायचा तो नाडा, सोंडेला बारीक दोर तो सोल. बैल धावेवरनं खाली उतरायला लागले की मोट भरून वर यायची, सोंड थारोळ्यात पडायची आणि पाणी भडाभडा पाटाला लागायचं. सोंडेचा एक टाका जरी उसवला तरी निम्मं पाणी वाटेतच परत विहिरीत. मग धावत जाऊन नानांना बोलवायचं.

नाना म्हणजे आमच्या गावचे चांभार. सगळी पोरं त्यांना नानाच म्हणायची. ते आले की आधी मोट भिजवायला लावायचे. मग मांडीवर घेऊन आरीनं भोक पाडायचे आणि वादीनं शिवायचे. भोक आरीनंच का पाडायचं, रापीनं कापायचं का नाही, हे त्यांनी एकदा सांगितलं होतं. रापी कातड्याचे धागे तोडते. आरी धागे बाजूला सारते, तोडत नाही. त्यातनं वादी ओढली आणि मोट पाण्यात गेली की वादी फुगते, बाजूचं कातडं फुगतं आणि भोक आपोआप गच्च बसतं. म्हणजे पाणीच पाण्याची वाट बंद करतं. नाना शाळेत गेलेले नव्हते, पण ही अक्कल पक्की होती.

हे कातडं यायचं कुठनं? गावात जनावर मेलं की महारवाड्यातले लोक ओढून न्यायचे. ढोर समाजाची माणसं कातडं कमवायची. चांभार शिवायचे. मांग नाडा आणि सोल वळून द्यायचे. मोटेचं एक पोहरंभर पाणी वर यायला चार घरांचे हात लागायचे आणि ही चारही घरं गावाच्या कडेला, वेशीबाहेर. सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं ते पेंढ्यांत आणि पायल्यांत. पाणी सगळ्या गावानं प्यायचं, भाकरी सगळ्या गावानं खायची, पण ज्यानं मोट शिवली त्यानं विहिरीवर चढायचं नाही, असा न्याय होता. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेल्या जनावराचं मांस खायचं सोडा म्हणून सांगितलं, आणि पुढं कितीतरी गावांत मेली जनावरं ओढायचंही लोकांनी सोडलं. कातड्याच्या कामाची गोष्ट सांगताना हे गाळून पुढं जाता येत नाही.

कमावणं हा शब्दही बघा. पैसा कमवायचा तसं कातडंही कमवायचं. कच्चं कातडं मीठ लावून आणायचं, धुवायचं, चुन्याच्या निवळीत ठेवायचं म्हणजे केस सुटतात. मग बाभळीची साल आणि हिरडा कुटून त्याचं पाणी करायचं. आमच्याकडं कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात हे पाणी भरून टांगून ठेवायचे. पाणी हळूहळू झिरपायचं, परत भरायचं. असे दिवसामागून दिवस गेले की कातडं तांबूस, घट्ट आणि न कुजणारं व्हायचं. शेवटी करंजीचं नाहीतर एरंडीचं तेल. यात बाहेरचं काहीच नाही. बाभूळ बांधावरची, हिरडा डोंगरातला, चुना भट्टीतला.

दुसरी रीत क्रोमची. त्यात झाडाच्या सालीऐवजी क्रोमियमचा क्षार वापरतात. आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांत होतं आणि कातडं मऊ राहतं. गंमत अशी, की आपल्या देशात ही रीत रुजवताना मोटच डोळ्यांसमोर होती. १९०३ च्या सुमारास मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं क्रोमच्या कातड्याचे प्रयोग सुरू केले, ते विहिरीवरच्या मोटा पाण्यात जास्त टिकाव्यात म्हणून. पुढं मोट गेली आणि क्रोम राहिलं. आज बाजारातल्या बहुतेक पिशव्या, पाकिटं आणि बूट क्रोमच्याच कातड्याचे असतात.

मोट गेली ती इंजिनामुळं. किर्लोस्करांचा ऑईल इंजिनाचा कारखाना पुण्यात १९४६ साली निघाला. आमच्या शिवारात इंजिनाची फटफट ऐकू यायला साठीचं दशक संपत आलं. मग वीज आली. मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली, वाळली, तडकली, आणि एक दिवस तिच्या सापत्या कापून झाल्या. नानांचं निम्मं काम त्या दोन-चार वर्षांत संपलं. उरलं पायताण. सेनापती कापशी आमच्याच तालुक्यात, तिथल्या नावावरनं ‘कापशी’ पायताण प्रसिद्ध. खिळा न मारता, नुसत्या शिवणीवर उभं राहणारं. पुरुष तळ कुटून शिवायचे, बायका वेणी, गोंडे आणि वरचं बारीक काम करायच्या. पण स्वस्त रबरी चप्पल खेड्यात आली आणि तेही गिऱ्हाईक पातळ झालं.

त्यात १९७२ चा दुष्काळ पडला. नानांचा मुलगा माझ्या वर्गात होता. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि मामाच्या मागनं मुंबईला गेला, तो मानखुर्दला. तेव्हाचं मानखुर्द म्हणजे मुंबईची शेवटची कड. हार्बरची गाडी तिथं येऊन थांबायची. खाडी ओलांडून वाशीला जाणारी रेल्वे १९९२ साली झाली. शेजारी देवनार. बांद्र्याचा जुना कत्तलखाना बंद करून महापालिकेनं १९७१ साली देवनारला नवा सुरू केला होता. म्हणजे कातडं देवनारला निघायचं आणि त्याच्या पिशव्या, पट्टे धारावीत शिवले जायचे. त्या दोन्हींच्या मधे मानखुर्द, गोवंडी आणि चेंबूरच्या झोपड्यांत आमच्यासारख्या गावांतनं आलेली माणसं राहायची. गावाच्या कडेचा माणूस शहराच्या कडेला गेला, एवढाच काय तो फरक पडला.

माझा धाकटा मुलगा आता मानखुर्दलाच राहतो. उन्हाळ्यात शेतात काम नसलं की मी महिना-दीड महिना तिकडं जातो. दोन-तीन वर्षांपूर्वी नातवाला कातडकामाचा छंद लागला. कॉलेजातली पोरं हल्ली हे करतात. त्यानं सामानाचा डबा मागवला, धारावीतनं कातड्याचा एक तुकडा आणला आणि त्याच्यावर मोराची नक्षी कोरायला बसला. नक्षी काही उठेना. ठोकलं की दबायचं आणि दहा मिनिटांत परत वर यायचं. मी तुकडा हातात घेतला. मऊ, चकचकीत आणि कापलेल्या कडेत निळसर. क्रोमचं होतं ते. मी म्हटलं, “बाळा, ह्याच्यावर जन्मभर ठोकलंस तरी मोर बसायचा नाही. सालीचं कातडं आण.”

इथनं पुढं नवशिक्यांसाठी लिहितो. नातवाबरोबर बसून, नानांचं आठवून आणि मानखुर्दच्या माझ्या वर्गमित्राला विचारून जमवलेलं हे ज्ञान आहे.

कोरीव कामाला झाडाच्या सालीनं कमावलेलंच कातडं लागतं. ओळखायची खूण म्हणजे कापलेली कड तांबूस-पिवळी दिसते, आणि थेंबभर पाणी टाकलं की ते शोषून जागा काळपट होते. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असली की नवशिक्याला बरं. कोरण्याआधी कातडं ओलं करायचं. कसं ओलं? शेतकऱ्याला एका शब्दात सांगतो: वाफसा. पाऊस पडल्या पडल्या पेरत नाहीत, रान चिखल असतं. फार वाळल्यावरही पेरत नाहीत, ढेकळं निघतात. कातड्याचंही तसंच. स्पंजानं सगळीकडं सारखं पाणी द्यायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत काही तास गुंडाळून ठेवायचं म्हणजे ओल आतपर्यंत जाते. मग उघडं ठेवून वाट बघायची. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण गालाला लावल्यावर गार लागतंय, तेव्हा वाफसा आला. शहरातल्या वाचकानं वाफसा बघितला नसला तरी गाल सगळ्यांना आहे.

नक्षी आधी कागदावर काढून बोथट टोकानं कातड्यावर उमटवायची. मग सुरीनं रेघ कापायची ती कातड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच खोल. आरपार गेलं की ताकद गेली. कापलेल्या रेघेच्या एका बाजूला तिरक्या तोंडाचा ठसा ठेवून लाकडी मोगरीनं हलकं ठोकत जायचं. एक बाजू दबते, दुसरी आपोआप वर उठल्यासारखी दिसते. कोरणं म्हणजे काढून टाकणं नाही, दाबणं आहे. खाली गुळगुळीत दगड हवा. लाकडाच्या पाटावर ठोकलंत तर निम्मा मार पाट खातो. मधेच कातडं वाळलं तर थोडं पाणी फिरवायचं. रोहिदासांच्या कथेत कातडं भिजवायच्या कुंडीत गंगा आली असं सांगतात. चांभाराजवळ पाण्याची कुंडी का असते, हे एकदा कोरायला बसलं की कळतं.

आता शिवण. मशिनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा एक, खालचा एक, आणि दोघं मधे नुसते अडकलेले. एक तुटला की टीप सरसर उसवत जाते. हाताच्या शिवणीत दोरा एकच, पण दोन्ही टोकांना सुई. एक सुई डावीकडनं, दुसरी उजवीकडनं, दोन्ही त्याच भोकातनं. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा टाका धरून ठेवतो. घोड्याचं खोगीर असंच शिवतात. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यावा. मधमाशीच्या मेणावरनं दोन-तीनदा ओढून घ्यावा, म्हणजे घसरत नाही आणि पाण्याला दाद देत नाही. कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत सरळ रेघ मारावी, तेवढ्याच अंतरावर भोकांच्या खुणा कराव्यात आणि आरी प्रत्येक वेळी एकाच तिरक्या रोखानं घालावी. सुई बोथट असावी, भोक पाडायचं काम आरीचं. कुठली सुई आधी घालायची तो क्रम मात्र शेवटपर्यंत बदलू नये. बदलला की टाके वाकडे दिसतात. दोन्ही हातांनी सारख्या जोरानं ओढावं. शेवटी दोन टाके मागं येऊन दोरा कापावा, गाठ लागत नाही.

राहिली कड. नवशिका कडेकडं बघतच नाही. त्याचं सगळं लक्ष मोराकडं. पण कातड्याची वरची बाजू राखलेली असते आणि कापलेल्या कडेला आतले धागे उघडे पडतात. बांध फुटला की वावरात पाणी शिरतं, तसं पाणी आणि मळ कडेतनंच आत शिरतो. पट्टा जुना व्हायला कडेपासून सुरुवात होते. म्हणून शिवून झालं की दोन्ही थर एका रेषेत कापून घ्यावेत. कोपऱ्याची धार तासून गोल करावी. मग काचकागद: आधी २२० नंबरचा, मग ४००, मग ६००. नंतर कड बोटानं किंचित ओली करायची, थोडा डिंकही चालतो, आणि गुळगुळीत लाकडानं नाहीतर जाड कापडानं जोरात घासायची. घासण्यानं ऊब येते, धागे एकमेकांवर बसतात आणि कड काचेसारखी गुळगुळीत होते. घाई केली तर नुसती काळी होते, बसत नाही. शेवटी मेण चोळून पुन्हा घासायचं. क्रोमच्या कातड्याची कड अशी घासून बसत नाही, तिला कडेचा रंग लावावा लागतो.

हे सगळं नातवानं मन लावून केलं आणि त्याचा पट्टा चांगला झाला. तो घेऊन मी माझ्या वर्गमित्राकडं गेलो. तो तीसएक वर्षं चप्पल-बूट दुरुस्त करत रस्त्याकडंला बसतो. आता गुडघे गेलेत, तरी सकाळी दोन तास येऊन बसतो. त्यानं पट्टा उलटा केला. मोराकडं बघितलंच नाही. अंगठा कडेवरनं फिरवला आणि म्हणाला, “पोरानं कड राखलीय. हात बरा हाय.” मी म्हटलं, “तुझ्या नातवालाही बसव की ह्याच्याबरोबर. दोघं मिळून करतील.” तो हसला. म्हणाला, “तुझ्या नातवाला हा छंद हाय. माझ्या नातवाला ह्यो डाग वाटतो. त्याचं काय चुकलं? शाळेत त्याला आज्याच्या धंद्यावरनं चिडवलंय. तुझ्याला कोण चिडवणार?”

मला उत्तर सुचलं नाही. खरंच होतं ते. रापी तीच, आरी तीच, टाकाही तोच. एकाच्या हातात ती कला होते आणि दुसऱ्याच्या हातात जात होते.

आज कातड्याच्या हातकामाला पुन्हा किंमत येते आहे, म्हणून हा प्रश्न जास्त टोचतो. राज्यानं चर्मकारांसाठी १९७४ साली महामंडळ काढलं, तेच आज संत रोहिदासांच्या नावानं चालतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखंच पायताण दाखवलं, कोल्हापूरचं नावही न घेता. ओरड झाली, मग कंपनीनं हे मूळचं भारतीय कारागिरांचं असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार केला. आमच्या गावात ही बातमी वाचून लोकांची छाती फुगली. तिथंही नाव आलं ते कोल्हापूरचं. तळ कुटणाऱ्याचं आणि वेणी घालणारीचं नाव काही छापून आलं नाही.

आणि दुसऱ्या बाजूला कच्चा मालच आटतो आहे. गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानं बंद होतीच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. देवनारला आता म्हशी, रेडे आणि शेळ्या-मेंढ्या. त्या कायद्याचा वाद इथं काढत नाही. कोल्हापुरीच्या तळाला चांगलं जाड कातडं मिळणं अवघड झालंय, असं कारागीर सांगतात. बाभळीची साल घालून पिशवी टांगणारे ढोरवाडे तर बोटांवर मोजण्याइतके उरलेत. कातडं विकत आणता येईल, सुया मागवता येतील, पण कातड्याला गाल लावून वाफसा ओळखणारा माणूस गेला की तो कुठनं आणणार?

म्हणून छंद करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या स्टेशनाबाहेर, रस्त्याकडंला असा एखादा नाना बसलेला असेल. त्याच्याजवळ जा. चप्पल शिवून घ्यायला नको, शिकायला जा. आरी कशी धरायची, दोरा किती मेणवायचा, कड कधी बसली हे विचारा. क्लासवाल्याला जशी तासाची फी देता, तशी त्यालाही द्या, आणि आधी ठरवून द्या. आपण बनवलेली वस्तू कुणाला दाखवाल तेव्हा ही शिवण अमक्याकडनं शिकलो असं नाव घेऊन सांगा.

या उन्हाळ्यापासून माझा नातू रविवारी सकाळी माझ्या वर्गमित्राजवळ दोन तास बसतो. फी ठरलेली आहे. मित्राचा नातू अजून आलेला नाही, आणि त्यानं यावंच असं मी म्हणणारही नाही. त्याला शाळेत शिकून जे व्हायचं असेल ते त्यानं व्हावं. पण परवा मित्र फोनवर म्हणाला, “काल जरा वेळ लांब उभं राहून बघत व्हता.”